खाडीवरची एकादशी

आमच्या जिल्ह्यात पडलेल्या पावसाला दोन समुद्र आहेत. बुलढाण्याजवळ राजूर घाटाच्या माथ्यावर सर आली की तिच्यातलं घाटाखाली ओघळलेलं पाणी नळगंगेतून पूर्णेत उतरतं. पूर्णा चांगदेव गावाजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे खंबातच्या आखातात जाते. त्याच सरीतलं घाटावर राहिलेलं पाणी पैनगंगेच्या वाट्याला येतं. ती आमच्या मेहकरवरून वाहते, विदर्भ-मराठवाड्याच्या शिवेशिवेनं जाते आणि चंद्रपूरच्या बाजूला वर्धेत शिरते. वर्धा वैनगंगेला भेटली की दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागरात. एकाच ढगातले दोन थेंब, एक पश्चिमेला गेला, एक पूर्वेला. आमच्याकडे सोयरीक जुळवताना आणि निवडणुकीत तिकीट वाटताना ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असा हिशेब चालतो. पाण्यातही तो चालतो, एवढंच.

मी जन्मानं घाटाखालची, संग्रामपूर तालुक्यातली. लग्नानंतर घाटावरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवताना हे दोन समुद्र मी फळ्यावर दरवर्षी काढायचे, आणि प्रत्येक वेळी मला छांदोग्य उपनिषदातला उद्दालक आठवायचा. तो आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच सांगतो: पूर्वेकडच्या नद्या पूर्वेला वाहतात, पश्चिमेकडच्या पश्चिमेला, आणि समुद्रात गेल्यावर ‘मी अमकी नदी’ ही जाणीव कुणालाच उरत नाही. मुंडक उपनिषदातही तोच दृष्टान्त आहे, नद्या नाव आणि रूप टाकून समुद्रात मावळतात तसा ज्ञानी परमपुरुषात. उद्दालक बुलढाण्याला आला नव्हता हे मला माहीत आहे. पण त्याला हवा होता तो नकाशा आमच्या घाटाच्या माथ्यावर उभं राहून दिसतो.

हा दृष्टान्त पुढे कीर्तनकारांच्या हाती पडला आणि इतका वापरला गेला की तो ऐकताना आता कुणी मान वर करून पाहत नाही. माझे वडील, आबा, माळकरी होते. गावात दर एकादशीला भजन असायचं आणि समारोपाला नदी समुद्राला मिळायचीच. मी चौथी-पाचवीत असेन. एकदा रात्री घरी येताना विचारलं, “आबा, नदी समुद्रात गेली का मंग ते पाणी खारं होते नं?”

“होते.”

“मंग त्यात चांगलं काय हाय?”

आबा म्हणाले, “तुले काय, समुद्राचं पाणी प्याचं हाय का?” आणि हसून पुढे चालू लागले.

बाहेरच्या माणसाला हा लहान पोरीचा भाबडा प्रश्न वाटेल. आमच्या तालुक्यात तो भाबडा नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. नदीनं युगानुयुगं आणून टाकलेल्या गाळाच्या थरांत क्षार मुरलेले आहेत, आणि जमिनीतलं पाणी ते घेऊनच वर येतं. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. साबणाला फेस नाही. भिंतीला खालून पांढरा लोणा चढायचा, तो नखानं खरवडून आम्ही पोट्टे जिभेवर ठेवून पाहायचो. उन्हाळ्यात माय नदीच्या वाळूत झिरा खोदायची आणि पाझरून आलेलं गोडं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायची. एक घागर भरायला सकाळ जायची. घरात रिवाज असा होता की पाहुण्याला गोडं आणि घरच्यांना खारं. पुढे वान प्रकल्पाचं पाणी नळानं आलं, तोवर गावातल्या कितीतरी जणांची मूत्रपिंडं कामातून गेली होती.

अशा गावातल्या पोरीला कुणी सांगितलं की शेवटी सगळं गोडं पाणी खाऱ्यात जाऊन खारंच होतं आणि यालाच मोक्ष म्हणतात, तर तिनं टाळ्या कशाला पिटायच्या? वाटीवाटीनं गोळा केलेलं ते गोडेपण, ज्याच्यासाठी मायचे हात वाळूत सोलले जायचे, ते समुद्राला देऊन टाकायचं, आणि समुद्राला त्याचा पत्ताही लागणार नाही. ही मुक्ती की उधळपट्टी? हा प्रश्न माझ्याबरोबर मोठा झाला. मी पुढे थोडंफार वाचलं, प्रवचनं ऐकली. ‘जीव ब्रह्मात विलीन होतो’ हे वाक्य आलं की माझ्या जिभेवर भिंतीवरच्या त्या लोण्याची चव यायची.

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही असं म्हणतात, पण त्याचा एक सख्खा भाऊ आहे. लोणार. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेलं ते विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटर, आणि तळाशी खारं सरोवर. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा बातम्यांत आलं, त्याच वर्षी त्याला रामसर यादीत जागा मिळाली. आमच्या शाळेच्या सहली तिथं जायच्याच. काठावर धार आहे, गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडते, बायामाणसं तिथं अंघोळ करतात आणि तेच पाणी खाली उतरत जाऊन सरोवरात खारं होतं. कारण साधं आहे: विवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. येतं ते सगळं तिथंच थांबतं, ऊन त्यातलं पाणी उचलून नेतं आणि क्षार मागे ठेवतं. समुद्राचंही तेच. जगातल्या नद्या थोडे थोडे क्षार आणून टाकतात आणि तिथून बाहेर निघायचा रस्ता फक्त वाफेला आहे. खाली कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एकाच विहिरीत एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं, असं तिथले लोक सांगतात. सासू कोणती आणि सून कोणती यावर सहलीतल्या बाया दरवेळी भांडतात. मला त्या विहिरीबद्दल आपुलकी आहे. एका जागी राहून दोघींनी आपापली चव सोडली नाही.

पण खरं सांगायचं तर माझा तो लहानपणीचा प्रश्न लोणारला सुटला नाही. लोणारचं पाणी स्थिर आहे. तिथं एक जण येतो आणि दुसरा वाट पाहतो, बस.

गेल्या कार्तिकात मुलाच्या घरी रत्नागिरीला होते. त्याची तिथं बदली झालेली. कार्तिकी एकादशी आली आणि माझा धाकटा भाऊ, विठ्ठल, नेहमीप्रमाणे पंढरपूरला गेला. आम्ही मात्र नातवंडांच्या हट्टापायी भाट्याला गेलो. शहरातून पावसकडे जाताना काजळी नदीच्या मुखावर लांब पूल लागतो, तो ओलांडला की उजव्या हाताला भाट्याचा किनारा. सरळ, सपाट, सुरूच्या झाडांची रांग, पलीकडे नारळ संशोधन केंद्राची झाडं, आणि दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. लाटा येतात त्या लहान आणि थकलेल्या. कुटुंबकबिल्याला घेऊन जायला याहून निवांत किनारा मी पाहिलेला नाही, अर्थात मी फारसे किनारे पाहिलेलेच नाहीत. सुनेनं साबुदाण्याची खिचडी डब्यात घेतली होती. एकादशी असल्यानं शहाळं चालत होतं, भेळ चालत नव्हती, आणि हा नियम नातवाला समजावताना माझीच तारांबळ उडाली.

शहाळीवाले म्हातारे भाट्याचेच. मी त्यांना विचारलं, “भरती कधी लागते हो?” तर म्हणाले, “आज तिथी काय, ताई?”

“एकादशी.”

“मग तिथीची पाऊणपट करा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती पुरी, सकाळी आणि रात्री. दोन-सव्वादोनला ओहोटी.”

मी थक्क झाले. आयुष्यभर एकादशी केली, तिथी दाते पंचांगात पाहिली, उपास सोडायची वेळ पाहिली, पण एकादशीला समुद्राचंही वेळापत्रक असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही. तिथून ते वाढत वाढत पौर्णिमेला उधाण येतं. पुढच्या तिथीला भरती पाऊण तासानं उशिरा, द्वादशीला नऊ. म्हाताऱ्यांनी हेही सांगितलं की खाडीच्या पलीकडे राजिवड्याला मुसलमान मच्छीमारांची वस्ती आहे, ते चांदाची तारीख धरतात आणि त्यांचं उत्तर आमच्या उत्तराच्या आसपासच येतं. एकच चंद्र. तो आमचा उपास ठरवतो, त्यांचे रोजे ठरवतो आणि दोघांच्या होड्या किती वाजता निघायच्या तेही.

सकाळी साडेसातच्या सुमारास मी आणि नात पुलावर कठड्याला टेकून उभ्या होतो. खाली पाणी होतं, आणि ते समुद्राकडे जात नव्हतं. समुद्राकडून आत येत होतं. नारळाचं एक सोडण (हा शब्द मला नातीनं शिकवला, रत्नागिरीच्या शाळेत तिला तो मैत्रिणींकडून मिळाला) समुद्राच्या बाजूनं तरंगत आलं, पुलाखालून गेलं आणि आत, चांदेराईच्या दिशेला, वर चढू लागलं. मी भूगोलाची बाई. नदी उताराकडे वाहते हे मी किती पोरांच्या डोक्यात भरलं असेल! आणि इथं नदी माझ्या डोळ्यांदेखत उलटी वाहत होती. आठ वाजून गेल्यावर ते सोडण मंदावलं. मग थांबलं. एका जागी जरासं फिरलं, तोंड वळवलं, बराच वेळ कुठं जायचं ते ठरत नसल्यागत रेंगाळलं. पावणेनऊच्या आसपास ते हळूहळू परत पुलाकडे यायला लागलं. नात म्हणाली, “आजी, त्याला कळलं वाटतं चुकीच्या बाजूला आलोय.” मी म्हटलं, “चुकीची बाजू कोणती गं?” तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही लगेच नव्हतं.

दुपारी ओहोटीला सगळा किनाराच पालटला. सकाळी जिथं पाणी होतं तिथं ओली वाळू उघडी पडली आणि तिच्यावर बारक्या खेकड्यांनी वाळूच्या ज्वारीएवढ्या गोळ्या करून ठेवलेल्या. बिळाच्या तोंडापासून चहूबाजूंना त्यांच्या ओळी गेलेल्या, जणू दिवाळीच्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी. पुढच्या भरतीला ती पुसणार, आणि खेकडे पुन्हा काढणार. नातवानं त्या मोजायचा नाद सुरू केला आणि सोडला. मुलानं त्याला मुखाच्या बाजूला जाऊ दिलं नाही. तिथं ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढ घेतं, पोहणारा माणूसही त्यात खेचला जातो, असं म्हाताऱ्यांनी बजावून ठेवलं होतं. मी पुलाच्या अलीकडे पाण्यात बोट बुडवून चव घेतली. सकाळी हेच पाणी खारट होतं, आता मचूळ लागलं. एकच जागा, एकच दिवस, आणि दोन चवी.

उद्दालकानं श्वेतकेतूला मिठाचा प्रयोगही करायला लावला होता, त्याच संवादात, नद्यांच्या दृष्टान्तानंतर थोडं पुढे. रात्री पाण्यात मीठ टाक, सकाळी वरचं चाख, मधलं चाख, तळाचं चाख. तिन्ही ठिकाणी खारट. तसं सत् सगळीकडे आहे. मी हा प्रयोग वर्गात करायचे. पण खाडीत तो फसेल. मुलानं मला सांगितलं आणि मग मी पुस्तकातही पाहिलं: खारं पाणी जड, गोडं हलकं. पावसाळ्यात आणि त्यानंतर, नदीला पाणी भरपूर असतं तेव्हा, गोडं पाणी वरून समुद्राकडे जातं आणि त्याच वेळी खारं पाणी तळाशी पाचरीसारखं आत शिरतं. एकाच जागी, एकाच क्षणी, वर नदी समुद्राकडे चाललेली आणि खाली समुद्र नदीकडे. वरचं चाखाल तर एक चव, तळाचं चाखाल तर दुसरी.

हे कळल्यावर मला माझ्या लहानपणीच्या प्रश्नाची एक बाजू उलगडली. उपनिषदांतल्या दृष्टान्तात नदी जाते आणि समुद्र असतो. तो आपल्या जागेवरून हलत नाही. मिळायचं काम नदीचं. भाट्याच्या खाडीवर समुद्र रोज दोनदा उठून नदीच्या घरी जातो. मैलोगणती आत जातो. साखरप्याकडून, अंजणारीकडून आलेली काजळी त्याला शेवटी भेटते असं म्हणणं अर्धंच खरं आहे. ती मुखाशी पोचायच्या कितीतरी आधी तो तिला येऊन भेटलेला असतो.

आणि आमच्या वारकऱ्यांना हे नवीन आहे का? मुळीच नाही. पुंडलिक देवाकडे गेला नव्हता. आईबापांची सेवा करत बसला होता, देवच त्याच्या दारी आला आणि विटेवर थांबला. संप्रदायाचा पायाच तो आहे. अद्वैत आम्हाला मान्य आहे. ज्ञानोबांनी ते इतकं निर्भीडपणे मांडलं आहे की त्यापुढे जायला जागा नाही. तरी त्याच ज्ञानोबांचा ज्ञानेश्वरीत एक दृष्टान्त आहे: गंगा समुद्राला मिळून गेली, तरी तिचं मिळत राहणं काही थांबत नाही, तसे भक्त मीच झालेले असतात आणि तरीही मला भजत राहतात. मी तो कितीदा वाचला होता. पुलावर उभं राहून पहिल्यांदा पाहिला. मिळणं ही एकदाच घडून संपणारी घटना नाही. मुखावरची नदी आज मिळालेली आहे, उद्या पुन्हा मिळणार आहे, आणि परवा आंबा घाटाच्या बाजूला पाऊस पडला तर जास्त जोरात मिळणार आहे. तुकोबांनी मुक्ती नको, पुन्हा जन्म दे, असं देवाला सांगितलं त्यातला हट्टही याच जातीचा असावा. गोडेपण टिकल्याशिवाय खाऱ्याशी भेट होणार कुणाची?

एक गंमत. आद्य शंकराचार्य केरळातल्या कालडीचे, पेरियार नदीच्या काठचे, समुद्रापासून आत. देव आणि जीव कधीच एक होत नाहीत असं ठासून सांगणारे मध्वाचार्य उडुपीचे, समुद्राकाठचे. यावरून सिद्धांत काढू नये. पण कोकणातल्या त्या शहाळीवाल्याला हे सांगितलं असतं तर त्यानं नक्कीच काढला असता.

आमच्या शेगावकडे पाहा. गजानन महाराज 1878 मध्ये प्रकटले, 1910 मध्ये ऋषिपंचमीला समाधिस्थ झाले. पुस्तकी अद्वैताप्रमाणे ते ब्रह्मरूप झाले, विषय संपला. मग रोज हजारो माणसं रांगेत उभी राहून नारळ कुणाला वाहतात? विरून गेलेल्याला? आमच्या गावची एखादी म्हातारी याला क्षणात उत्तर देते: “महाराज हायेत नं तिथं.” पंडितांना हे अज्ञान वाटतं. मला आता तसं वाटत नाही. ब्रह्माशी एकरूप असणं आणि शेगावात असणं यांत तिला विरोध दिसत नाही. सासू-सुनेची विहीर पाहत मोठी झालेली बाई आहे ती.

संध्याकाळी आम्ही पावसला गेलो. स्वामी स्वरूपानंद, 1903 चा जन्म, 1974 मध्ये देह ठेवला. नाथपंथी, सोऽहं साधनेचे. ‘तोच मी’ हे ज्याचं ध्यान, त्या माणसानं पावसच्या एका घरात राहून, प्रकृती तोळामासा असताना, अभंग ज्ञानेश्वरी लिहिली, म्हणजे अख्खी ज्ञानेश्वरी साध्या, म्हणता येण्याजोग्या अभंगांत पुन्हा बांधली. तोच मी झालं, तर पुन्हा लिहिण्यात वेळ कशाला घालवायचा? मंदिरात बसून हा विचार मनात येत राहिला आणि काजळीचं ते वळणारं पाणी दिसत राहिलं. मिळून झालेलं असतं तरी मिळत राहावं लागतं. किंवा ‘राहावंसं वाटतं’ म्हणा.

आबांचं आता राहिलं. त्यांच्या अस्थी आम्ही चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर विसर्जित केल्या होत्या. ज्या चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं आणि ज्ञानोबांनी त्यावर पासष्ट ओव्या लिहून दोघं वेगळे नाहीत असं कळवलं, असं परंपरा सांगते, त्याच चांगदेवांच्या नावाचं गाव. जागा शोभेशी आहे. पण तिथं दोन्ही नद्या आता वाहत नाहीत म्हटलं तरी चालेल. खाली हतनूर धरण आहे, त्याचा फुगवटा संगमापर्यंत येतो आणि पाणी पसरून उभं असतं. आबा समुद्राला मिळाले का, हा प्रश्न मला भूगोलाची बाई म्हणून पडतो, आणि त्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असं आहे. हतनूरचं पाणी दीपनगरच्या वीजकेंद्राला जातं, कालव्यानं जळगाव जिल्ह्यातल्या शेतांना जातं, आणि तिथं केळी फार. त्यापुढेही जे उरेल त्याला उकाई धरण ओलांडायचं आहे. आबा बहुतेक केळीत गेले असावेत. समुद्राला मिळायच्या आधीच माणसं पाण्याला वाटेत वळवून घेतात, आणि आबांना त्यात वावगं वाटलं नसतं. खारपाणपट्ट्यातले शेतकरी होते ते. गोडं पाणी पिकाला मिळालं याचा त्यांना समुद्राला मिळण्यापेक्षा जास्त आनंद झाला असता, हे मी शपथेवर सांगते.

रात्री विठ्ठलाचा फोन आला, चंद्रभागेच्या वाळवंटातून. मागे टाळ, माणसं, भोंगा.

“कार्तिकी सोडून समुद्रावर गेलीस म्हणे, अक्का?”

“गेले. आणि तुझा देव तिथं आला होता.” मी त्याला सगळं सांगितलं, उलटी वाहणारी नदी, सोडण, मचूळ पाणी. तो कीर्तनं ऐकून तयार झालेला, लगेच कापायला धावला. “अक्का, समुद्र येत नसतो. चंद्र ओढतो त्याले. त्यात प्रेमबिम काई नाई. तू मास्तरीण, तुले माहीत पाह्यजे.”

“माहीत आहे. आणि तू दरवर्षी चारशे किलोमीटर जातोस ते?”

“ते मी जातो.”

“तुला कुणी ओढत नाही?”

तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नाही. त्याच्या मते ही तुलना फसवी आहे: समुद्राला यायचं की नाही हे ठरवता येत नाही, देवाला येतं, आणि म्हणून पुंडलिकाची गोष्ट ती गोष्ट आहे. हा मुद्दा बळकट आहे. मी त्यावर अजून विचार करते आहे. उलट बाजूनं मला एवढंच सुचलं की ज्याला न येणं जमतच नाही त्याच्या येण्याला आपण कमी का लेखायचं? माय झिऱ्यावर जायची तेव्हा ती काय रोज विचार करून ठरवायची का? पण फोनवर भावाशी एवढं कोण बोलतं. तो म्हणाला, “वद्य एकादशीला आळंदीला जाणं आहे. त्याच्यानंतर येतो.”

मी म्हटलं, “मार्गशीर्षात ये. पण एकादशी पाहून ये आणि सकाळी सव्वाआठच्या आत पुलावर उभा राहा, उशीर केलास तर पाणी फिरलेलं असेल. अंघोळ करायची तर झरी विनायकाच्या बाजूला, मुखाजवळ नको.”

“अन् फराळाचं काय?”

“साबुदाणा भिजवून ठेवायला सांगते सुनेला.”